तांबं उतरल्यावर

१

धाकटीचा आठवडा पाण्यावर बेतलेला असे. सोमवारी दातांचा दवाखाना, मंगळवारी विम्याचं ऑफिस, बुधवारी डोळ्यांचं हॉस्पिटल. माणसं जिथं ताटकळत बसतात तिथं मालक लोक माशांची टाकी ठेवतात, आणि ती टाकी राखायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे ही. नळ्या, बादल्या, मिठाची पोती आणि पाणी तपासायच्या बाटल्यांची पेटी टेम्पोत टाकून ती गावभर फिरे. चाळिशी उलटली तरी नातेवाइकांत ती धाकटीच होती, कारण तिच्यावर एक दादा होता. हा धंदाही तिला त्यानंच शिकवला होता.

दादाला चार महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. महिनाभर हॉस्पिटलात काढून घरी आला तो पुढच्या खोलीत खाटेवरच. मागच्या खोलीतली त्याची टाकी तशीच उभी होती. शेवटी वहिनीच म्हणाली, "ती टाकी तेवढी घेऊन जा गं. मला त्या खोलीत जाववत नाही."

धाकटी गेली. खोलीत कोंदट खारट वास होता. टाकीत एकही मासा नव्हता. होता तो फक्त दगड, समुद्रातला, मोठ्या कलिंगडाएवढा, अंगभर भोकं पडलेला. काचेच्या झाकणावर दोन विटा ठेवलेल्या. मासे उड्या मारून बाहेर पडतात म्हणून झाकणावर वजन ठेवतात, हे खरं. पण मासेच नाहीत तर विटा कशाला? आणि दादाची बसायची खुर्ची टाकीसमोर होती, पण पार पलीकडच्या भिंतीला टेकवून.

तिनं सवयीनं नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी गर्द निळं झालं. रंग जुळवायच्या कार्डावर एवढा निळा रंग नव्हताच.

"वहिनी, यात तांब्याचं औषध आहे."

"असेल. रोज सकाळी चहाच्या आधी एक चमचा घालायचे."

"मासे कधी गेले पण?"

"वर्ष होऊन गेलं." वहिनी दारातूनच बोलत होती. "तुझा भाऊ. तो काय मला विचारून करतो? सवय म्हणायची नि सोडून द्यायचं."

२

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात तेव्हा तांब्याचं औषध देतात. औषध म्हणजे मोजून पातळ केलेला मोरचूदच. मासे त्यानं बरे होतात; पण गोगलगाय, झिंगा, प्रवाळ यांना ते विष. म्हणून औषध द्यायचं तर माशांना वेगळ्या भांड्यात काढून द्यायचं, दगडाच्या टाकीत द्यायचं नाही. दगड तांबं पिऊन बसतो आणि मग वर्षानुवर्षं थोडं थोडं सोडत राहतो. असा दगड लोक फेकून देतात. हे तिला दादानंच शिकवलेलं.

तरी तिला तो फेकवेना. एक तर असला दगड आता मिळत नाही. दुसरं, दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवी मोठी टाकी बसवली होती आणि तिच्यात मधोमध ठेवायला त्यांना असंच काहीतरी भरदार हवं होतं. आणि तिसरं, जे ती कुणाला बोलली नसती, ते असं की दादाचं म्हणून तेवढंच जिवंत उरलंय असं तिला वाटत होतं.

तिनं टाकी रिकामी करून कपाटासकट तिथंच ठेवली आणि दगड घरी आणला. मागच्या बाल्कनीत झाकणाचं निळं पिंप होतं, त्यात स्वच्छ खारं पाणी भरलं, कोळशाची पुरचुंडी सोडली, पंप लावला. दोन दिवसांनी आकडा आला दोन पूर्णांक चार. भरपूर. तिनं अर्धं पाणी बदललं.

अर्धं बदललं की आकडा निम्म्यावर यावा, आणि दोन दिवसांत दगडातून झिरपून पुन्हा थोडा चढावा. असंच होतं. महिनोन् महिने चढउतार चालतो. इथं आकडा चढलाच नाही. निम्म्यावर आला आणि पाणी न बदलताच आणखी उतरला. एक पूर्णांक दोन. सात दशांश. तीन दशांश.

"एवढी सेवा माझी केली असतीस तर मीसुद्धा शुद्ध झालो असतो," नवरा म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि दुपारी घरी असायचा.

"कोळसा चांगला लागलाय या वेळी," ती म्हणाली. पण कोळसा नेहमीचाच होता. सहा वर्षं ती त्याच दुकानातून आणत होती.

तिसऱ्या शनिवारी आकडा शून्य आला. तिचा विश्वास बसेना. तिनं दुसऱ्या कंपनीच्या थेंबांनी तपासलं. शून्य. नळीतलं पाणी काचेसारखं नितळ.

त्याच दुपारी नवरा उशीवरून डोकं उचलून म्हणाला, "नळ गळतोय का गं?"

नळ गळत नव्हता. दोघं ऐकत राहिले. बाल्कनीतून आवाज आला. टक. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. टक.

३

आवाजाला कारणं होती. दगडाच्या भोकांत हवा अडकते, ती सुटताना बुडबुडा फुटतो. किंवा टिचकी मारणारा झिंगा. बोटाएवढा असतो, भोकात दडून बसतो आणि नांगीनं अशी टिचकी मारतो की काच तडकली असं वाटावं. नवशिके घाबरून तिला फोन करत, आणि ती त्यांना हसून हेच सांगत असे.

पण झिंगा असायला तो तांब्यातून वाचायला हवा. वर्षभर रोज चमचाभर मोरचूद. झिंगा तासाभरात मेला असता.

म्हणजे हवाच, असं तिनं ठरवलं.

दगड निर्धोक आहे का हे पाहायची एक साधी रीत असते. आकड्यांवर विसंबायचं नाही. गोगलगाय सोडायची आणि आठवडाभर बघायचं. पाण्यात कणभर तांबं असलं तरी गोगलगाय गळून तळाला पडते. तिनं तीन सोडल्या.

सकाळी पाहिलं तर तिन्ही जिवंत. पण तिन्ही पाण्याच्या वर, पिंपाच्या काठाला, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या. तिनं सोडवून खाली ठेवल्या. दुपारी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी झाकण जरा फटीला राहिलं असावं. एक गोगलगाय बाल्कनीच्या सुक्या फरशीवर सापडली, पिंपापासून चार हात लांब. समुद्रातला जीव, कोरड्या फरशीवर आपला आपण एवढा सरपटत गेला होता. मागं पुसट रेघ होती, अगदी सरळ.

तिनं तिन्ही उचलून घरातल्या छोट्या टाकीत टाकल्या. तिथं त्या तासाभरात तळाला जाऊन निवांत शेवाळ खाऊ लागल्या.

म्हणजे गोगलगाई ठीक होत्या. पाणीही ठीक होतं, दोनदा तपासलेलं.

"मग झालं तर," नवरा म्हणाला. "मेल्या नाहीत ना? पास."

"पास," ती म्हणाली. आपला आवाज तिला जरा मोठा वाटला.

४

सोमवारी तिनं दगड दवाखान्यात बसवला. टाकी बसायच्या खोलीत होती, भिंतीच्या लांबीची. एका बाजूला लोकांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला रिसेप्शनच्या बाईंचं टेबल. आत आठ मासे होते, प्रवाळाचे चार तुकडे होते. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या, म्हणाल्या, "वा, आता कशी भरल्यासारखी दिसते," आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. धाकटीनं मोबाइलवर फोटो काढला. काम झालं की ती नेहमीच काढायची.

पुढच्या सोमवारी रिसेप्शनच्या बाईंचं टेबल जागेवर नव्हतं. ते दाराजवळ सरकवलेलं होतं.

"काय हो, हलवलंत?"

"तिथं दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो." बाई पंधरा वर्षं त्याच जागी बसत होत्या. थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "ते वाजतं त्याचं काही करता येईल का? पेशंट विचारतात. आतलं मशीन आहे असं मी सांगते."

"काय वाजतं?"

बाईंनी नखानं स्वतःच्या दातावर वाजवून दाखवलं. टक.

मासे सगळे वरच्या डाव्या कोपऱ्यात होते, एकमेकांना खेटून, काचेला लागून. खाणं टाकलं तरी खाली येईनात. तिनं मोजले. सात. टाकीमागं, कपाटाखाली, पंपाच्या जाळीत शोधलं. मासा उडी मारून पडला तर सुकलेला सापडतो. काही सापडलं नाही. आत मेला तर काटे उरतात. तेही नव्हते.

त्याच्या पुढच्या सोमवारी पाच.

तिनं टॉर्च घेतला आणि दगडाच्या सगळ्यांत मोठ्या भोकात उजेड टाकला. भोक कोऱ्या दगडासारखं खरखरीत असायला हवं होतं. आतली बाजू गुळगुळीत होती, ओलसर, फिकट गुलाबी. एका जातीच्या कडक शेवाळाचा थर चढला की दगड गुलाबी होतो, हे तिला ठाऊक होतं. पण तो थर चढायला सहा महिने लागतात. तिच्यामागं भिंतीवर दवाखान्याचे तक्ते होते, निरोगी हिरडी आणि रोगट हिरडी, शेजारी शेजारी. तिनं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

पाणी तपासलं. सगळं उत्तम. तांबं शून्य.

५

रविवारी सकाळी ती दादाला भेटायला गेली. त्याचे दोन-तीन शब्द परत आले होते असं वहिनी फोनवर म्हणाली होती. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. ती जवळ बसली, त्याचा चांगला हात हातात घेतला, आणि त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "तुझा दगड वाचवला बरं का. फेकला नाही."

दादाचे डोळे तिच्यावर खिळले. त्याचं तोंड एका बाजूनं हललं. बराच प्रयत्न करून तो म्हणाला, "कि... किती?"

तिला हसू आलं. अजूनही आकडाच विचारतोय. "शून्य," ती म्हणाली. "तीन आठवड्यांत उतरवलं. दोनदा तपासलं. तू स्वतः केलं असतंस तरी याहून चांगलं झालं नसतं. आता दातांच्या दवाखान्यात ठेवलाय, सगळे बघतात."

त्याचा हात तिच्या हातात आवळला. इतका की तिची अंगठी रुतली. त्याच्या घशातून आवाज निघाला, शब्द नाही, नुसता आवाज. मग शब्द आला.

"घाल."

"काय घालू, दादा?"

"घाल. घाल." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "घाल."

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "थंडी वाजते त्यांना. त्या खुर्चीवरचा स्वेटर दे."

दोघींनी मिळून त्याला स्वेटर घातला. लुळा हात बाहीतून काढायला वेळ लागला. सगळा वेळ तो मान हलवत होता. बटणं लावून झाल्यावरही तो म्हणतच होता, आता पुटपुटत, "घाल, घाल," आणि चांगल्या हाताची चिमूट करून ती पुन्हा पुन्हा कलती करत होता. धाकटीला वाटलं, पाणी मागतोय. तिनं पाणी पाजलं. त्यानं ते गिळलं नाही. हनुवटीवरून स्वेटरवर ओघळू दिलं.

६

ती घरी पोचते न पोचते तोच वहिनीचा फोन आला.

"तुझ्या मागं टाकीच्या कपाटातली वही मागत होते. म्हणजे, बोटानं दाखवत होते. मला वाटतं तुलाच द्यायची होती. वाचून दाखवू?"

"वाचा ना."

"नुसते आकडे आहेत गं. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा." पानं उलटल्याचा आवाज आला. "इथं लिहिलंय, दगड आणला. दोन दिवसांत माशांना ठिपके, टाकीतच औषध सुरू. मग, ठिपके गेले. मग, औषध थांबवलं, पाणी बदललं. पुढं बरेच दिवस आकडे उतरत गेलेत. मग लिहिलंय... दोन मासे नाहीत. तीन नाहीत. एकच उरला. आज तोही नाही."

धाकटीनं फोन कानाला घट्ट लावला. "पुढं?"

"औषध पुन्हा सुरू. आणि खाली रेघ मारलीय दोनदा. वाचू? 'पाच दशांशाच्या खाली जाऊ द्यायचं नाही.'" वहिनीनं पान उलटलं. "मग पुढं रोजचंच. आठ दशांश, घातलं. सात दशांश, घातलं. घातलं, घातलं, घातलं. कुठं कुठं दुसरंही आहे. 'तीन दशांश. हललं.' काय हललं गं? आणि शेवटचं पान आहे ते, झटका आला त्याच्या आदल्या आठवड्याचं. 'पाच बाटल्या एकदम ओतून ठेवल्या. डोकं जड वाटतं आहे. धाकटीला सांगायला हवं.'"

बाल्कनीत रिकामं पिंप उन्हात तापत होतं. चिमूट करून कलती केलेला दादाचा हात तिच्या डोळ्यांसमोर आला. चमचा धरल्यासारखी चिमूट.

"ऐकतेयस ना गं?"

"वहिनी, बाटली कुठंय त्याच्या औषधाची?"

"कपाटात एक आहे, भरलेली."

"असू दे तिथंच. माझ्याकडे आहे एक," ती म्हणाली. आपल्या पेटीत मोरचुदाची बाटली आहे हे तिला आठवलं होतं.

७

रविवारी दवाखाना बंद असतो. टाकीच्या कामासाठी एक किल्ली तिच्याकडे असे. ती शटर वर करून आत गेली तेव्हा भर दुपार होती. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, समोर कुणीतरी पाईपनं गाडी धूत होतं. बसायच्या खोलीत खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, मासिकं चळत करून ठेवलेली.

टक.

टक.

आवाज पूर्वीसारखा थांबून थांबून येत नव्हता. तिनं दार ओढून घेतलं तसा तो बंद झाला.

टाकीत मासे नव्हते. एकही नव्हता. प्रवाळाच्या तुकड्यांच्या जागी पांढरी भुकटी होती. दगड मधोमध होता, आणि तो पाहून तिच्या मनात आलं की दगड आपण इतका मोठा आणला होता का. तिनं मोबाइल काढून पहिल्या दिवशीचा फोटो पाहिला. फोटोत दगड आणि मागची काच यांच्यात हातभर जागा होती. आता दगड मागच्या काचेला टेकला होता.

ती स्वतःशीच म्हणाली, फोटो कोनातून काढलाय. पाण्यात वस्तू मोठी दिसते. हे सगळं खरं होतं.

तिनं झाकण सरकवलं. बाटलीचं बूच उघडलं. या टाकीत आता मरण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही, असा विचार तिच्या मनात आला. मोजायला ती थांबली नाही. अर्धी बाटली ओतली.

निळा रंग धुरासारखा खाली उतरला. उतरत उतरत दगडाच्या माथ्याला लागला.

आणि दगड आखडला. सगळा नाही. मधला होता तो तिथंच राहिला, तिनं पिंपात उतरवला होता तेवढा, कलिंगडाएवढा. बाकीचं, ज्याला ती दगडच समजत होती, भोकं आणि खडबडीत पाठीसकट, ते सगळं आवळत आत गेलं, बाहीत हात ओढून घ्यावा तसं, भोकाभोकांतून, घाई न करता. शेवटी एका भोकाच्या तोंडाशी काहीतरी उरलं. ते तिच्या दिशेनं वळलेलं होतं. ती बघत होती तोवर तेही आत गेलं.

टाकीतलं पाणी चार बोटं खाली उतरलं होतं. तेवढी जागा रिकामी झाली होती.

तिला आपला श्वास ऐकू येत होता. बाहेर गाडी धुणाऱ्याचा पाईप बंद झाला.

८

त्या दुपारी तिनं दगड बाहेर काढला. कसा काढला हे तिनं नवऱ्यालाही नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की जड होता, आणि हात आत घालताना आपण डोळे मिटून घेतले होते. झाकणाच्या बादलीत उरलेली अर्धी बाटली ओतून तिनं त्यात तो बुडवला आणि बादली टेम्पोत शेजारच्या सीटवर, पट्टा लावून ठेवली. दोन चौक जाईपर्यंत आतून आवाज येत होता. मग विरळ होत होत थांबला.

डॉक्टरीणबाईंना तिनं सांगितलं, औषधाची चूक झाली, मासे गेले, चूक माझी. बाई चांगल्याच रागावल्या आणि काम दुसऱ्याला दिलं. रिसेप्शनच्या बाईंनी मात्र निघताना तिचा हात धरला आणि घट्ट दाबून सोडला. त्यांचं टेबल परत जुन्या जागी गेल्याचं तिनं पुढं कधीतरी काचेतून पाहिलं.

दगड फोडून टाकावा, लांब नेऊन पुरावा, समुद्रात सोडावा, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. नवरा म्हणाला, "वाळव उन्हात, मरेल जे असेल ते." तिनं विचार केला. गोगलगाय कोरड्या फरशीवरून चार हात गेली होती. आतलं जे होतं ते किती जाईल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि करून बघायची तिची छाती नव्हती. पाण्यात असताना निदान आकडा तरी समजत होता.

पुढच्या रविवारी ती दादाकडे गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आठवडाभर धड झोपला नाही, जेवला नाही, असं वहिनीनं दारातच सांगितलं. धाकटी त्याच्या कानाशी वाकली.

"दादा. एक पूर्णांक दोन. आज सकाळी तपासलं."

तो हळूहळू वळला.

"वही वाचली मी. घातलं. माझ्याकडेच आहे, पिंपात. वर वजन ठेवलंय."

दादा तिच्याकडे पाहत राहिला. मग ओठ जुळवून, एकेक अक्षर शोधत म्हणाला, "रोज."

"हो. रोज."

"चु... चुकवू..."

"नाही चुकवणार."

त्यानं डोळे मिटले. तिच्या हातातला त्याचा हात सैल पडला, आणि पाचच मिनिटांत तो घोरू लागला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"काय जादू केलीस गं?" ती कुजबुजली. "आता अशीच येत जा. या सुट्टीत चांगली आठ दिवस राहायला ये. तुझ्या नवऱ्यालाही आण. मोकळं वाटेल यांना."

धाकटी हो म्हणायला गेली. सकाळी एक पूर्णांक दोन होतं. काल रात्रीपेक्षा दोन दशांश कमी. आठवड्याच्या सुरुवातीला दिवसाला एकच दशांश उतरत होतं.

"बघते," ती म्हणाली आणि चपला घालू लागली.

त्यानंतर ती कधीच कुणाकडे मुक्कामाला राहिली नाही.